बायबलमधल्या गोष्टीवरून संदेश कसा तयार करायचा: पहिल्यांदाच उभं राहणाऱ्यांसाठी

पाळकसाहेब बाहेरगावी जाणार असतात, वडीलजनांची नजर तुमच्यावर पडते आणि निरोप येतो, "येत्या रविवारी संदेश तुम्ही द्या." नाही म्हणायची सोय नसते. मग शनिवारी रात्री यूट्यूबवर कुणाचा तरी संदेश ऐकायचा, त्यातले तीन मुद्दे वहीत उतरवायचे आणि देवावर हवाला ठेवायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्या शनिवारच्या रात्रीऐवजी काय करता येईल ते इथे लिहितोय. सेमिनरीत न गेलेल्या, पण महिला मंडळात, तरुण संघात, घरगुती प्रार्थनासभेत किंवा गावच्या चर्चमध्ये वचन सांगायची वेळ आलेल्या लोकांसाठी. मीही नोकरी सांभाळून, पाळकांच्या हाताखाली असाच शिकलो.

पत्रं, स्तोत्रं, संदेष्ट्यांची वचनं यांची तयारी वेगळी असते, ती इथे नाही. हे फक्त गोष्टींबद्दल आहे. गोष्ट सोपी वाटते म्हणून नवखा माणूस गोष्ट निवडतो आणि नेमका तिथेच फसतो. दोन मिनिटांत गोष्ट उरकतो आणि उरलेली अठरा मिनिटं स्वतःचे सल्ले देत बसतो. लोक गोष्टीला मान वर करतात, सल्ल्याला घड्याळाकडे बघतात. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: लोकांना शेवटपर्यंत गोष्टीतून बाहेर पडू द्यायचं नाही.

उदाहरणाला नामानाची गोष्ट घेतो, म्हणजे अरामाच्या राजाच्या कुष्ठरोगी सेनापतीची: २ राजे, अध्याय ५. पवित्र शास्त्र उघडून शेजारी ठेवा, नाहीतर पुढचं वाचून उपयोग नाही.

काय काय जवळ हवं

- चर्चमध्ये वाचलं जातं तेच पवित्र शास्त्र. बहुतेक ठिकाणी ते बायबल सोसायटीचं असतं. लोक तेच हातात धरून बसणार, तेव्हा तुमची वाक्यं त्याच्याशी जुळली पाहिजेत.
- दुसरं एखादं भाषांतर. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' मिळालं तर उत्तम. मराठी मोकळं आहे. इंग्रजी वाचता येत असेल तर तेही एक.
- नकाशे. पुष्कळ प्रतींत शेवटी असतात आणि कुणी उघडत नाही.
- एखादा शब्द आणखी कुठल्या वचनात आलाय ते शोधून देणारं मोबाइलमधलं बायबल अ‍ॅप.
- शंभर पानी वही, पेन्सिल, आणि आवाज रेकॉर्ड होईल असा फोन.
- पाळकांची परवानगी. बोलावणं वडीलजनांकडून आलं असलं तरी पाळकांना स्वतः फोन करा. नंतरचे रुसवेफुगवे वाचतात.

टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक, या यादीत मुद्दाम ठेवलेला नाही. तो चौथ्या पायरीनंतर उघडायचा. आधी उघडलात तर तुमचं स्वतःचं वाचन तिथेच थांबतं.

१. आधी चार प्रश्न विचारून घ्या

वेळ किती? उतारा ठरलेला आहे की मी निवडायचा? समोर कोण असणार? त्या दिवशी प्रभुभोजन आहे का? प्रभुभोजनाच्या रविवारी संदेशाला पंधरा मिनिटंच मिळतात, हे तिथे गेल्यावर कळलं तर घाम फुटतो. संथ बोलणारा माणूस मिनिटाला शंभरेक शब्द बोलतो, म्हणजे वीस मिनिटांना दोन हजार शब्द. तेवढाच माल तयार करा.

२. गोष्ट कुठून कुठपर्यंत, ते ठरवा

नामानाच्या गोष्टीवर ऐकलेले बहुतेक संदेश चौदाव्या वचनाला संपतात. सात बुड्या मारल्या, बरा झाला, आमेन. अध्यायात मात्र सत्तावीस वचनं आहेत. पंधरा ते एकोणीसमध्ये नामान परत येऊन कबुली देतो, आणि वीस ते सत्तावीसमध्ये संदेष्टा अलीशाचा नोकर गेहजी, धन्याने नाकारलेली भेट मागायला, त्याच्या मागे पळत सुटतो. शेवट कापला की गोष्ट गोड होते आणि तिचा दात जातो. सगळी सत्तावीस वचनं घ्या. वेळ कमी असेल तर वाचनात काही गाळा, विचारात गाळू नका.

३. मोठ्याने वाचा आणि वहीत उतरवा

मनातल्या मनात वाचलं की ओळखीची गोष्ट डोळ्यांखालून घसरून जाते. मोठ्याने वाचा. सोमवारी एकदा, मंगळवारी घरातल्या कुणाला तरी वाचायला लावून तुम्ही नुसतं ऐका. मग वहीत तीन रकाने आखा: कोण आहे, कुठे आहे, कोण कोणाशी काय बोलतं.

तिसरा रकाना सोन्याचा आहे. नामानाच्या गोष्टीत तो भरत गेलात की एक गोष्ट आपोआप वर येते. कामाचा शब्द प्रत्येक वेळी खालच्या माणसाच्या तोंडून आलाय. संदेष्ट्याचा पत्ता सांगते ती धाडीत पकडून आणलेली लहान मुलगी. नदीत उतरायला समजावतात ते नोकर. आणि दोन राजे काय करतात? एक पत्र लिहितो, तेही चुकीच्या पत्त्यावर. दुसरा ते वाचून कपडे फाडतो. मुलीने सांगितला होता संदेष्टा, मोठ्या लोकांनी गाठला राजवाडा. हे सरकारी थाटाचं वळण आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही, ते लगेच हसतात.

दुसऱ्या रकान्यात नकाशा लागतो. दिमिष्क (आजचं दमास्कस) ते इस्राएलाची राजधानी शोमरोन हे अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त, म्हणजे नगरहून नाशिकला रथातून जाण्यासारखं. सोबत दहा किक्कार रुपं, सहा हजार शेकेल सोनं आणि दहा पोशाख. आजच्या मापात अंदाजे ३४० किलो चांदी आणि ६८ किलो सोनं. "भरपूर धन घेऊन निघाला" म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगा. मंडळीतल्या बायका मनात तोळ्यांचा हिशेब करतील आणि तुमचं काम होईल.

४. गोष्ट वळते कुठे ते शोधा

या पायरीला घाई करू नका. निम्मा आठवडा इथे गेला तरी चालेल.

प्रत्येक गोष्टीत एक जागा अशी असते की तिच्याआधी एक घडत असतं आणि तिच्यानंतर दुसरंच घडतं. चमत्कार हीच ती जागा, असं नवख्याला वाटतं. बहुतेक वेळा ती चमत्काराच्या जरा आधी असते. नामान घोडे आणि रथ घेऊन अलीशाच्या दाराशी उभा राहतो. त्याला वाटतं, संदेष्टा बाहेर येईल, आपल्यापुढे उभा राहील, देवाचं नाव घेईल, हात फिरवील. अलीशा बाहेर येतच नाही. नोकराकडून निरोप येतो: यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान भडकतो. आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत? आणि तो रागारागाने परत फिरतो.

तेराव्या वचनात नोकर पुढे होतात. काही अवघड सांगितलं असतं तर केलंच असतंत ना, मग एवढं साधं सांगितलंय तर का नाही? गोष्ट वळते ती इथे. चौदाव्या वचनात पाणी आहे, पण माणूस तेराव्यातच बदलला.

आता आणखी पुढे जा. एकविसाव्या वचनात गेहजी मागून धावत येताना दिसतो आणि नामान काय करतो? रथातून खाली उतरतो. एका नोकराला भेटायला. संदेष्ट्याने बाहेर येऊन आपल्यापुढे उभं राहावं अशी अपेक्षा धरणारा हाच सेनापती. शरीर बरं झाल्याचं चौदाव्या वचनात सांगितलंय. आतून काय बरं झालं, ते या एका उतरण्यात दिसतं. लेखकाने त्यावर एक शब्दही खर्च केलेला नाही. असं काही वहीत सापडलं की पेन्सिलने गोल करा. तुमच्या संदेशातली सर्वांत चांगली दोन मिनिटं तिथून निघणार आहेत.

दुसरं गोल करण्यासारखं: दुसऱ्या वचनात 'लहान मुलगी', चौदाव्यात नामानाची कातडी 'लहान मुलासारखी' होते. गोष्ट लहानापासून निघून लहानापाशीच येते.

एवढं झालं की मग टीकाग्रंथ उघडा, पाळकांना विचारा, काय चुकतंय ते तपासून घ्या.

५. एका वाक्यात लिहा

संदेश एका वाक्यात लिहिता आला नाही तर तो अजून तयार नाही. त्या वाक्यात देव काहीतरी करत असला पाहिजे. "आपण आज्ञाधारक असावं" हे वाक्य योनाला चालतं, दानिएलाला चालतं, कुणालाही चालतं. म्हणजे ते नामानाच्या गोष्टीतून आलेलंच नाही.

माझ्या वहीतलं वाक्य असं आहे: देव जे फुकट देत होता ते नामानाला विकत घ्यायचं होतं, म्हणून त्याला खाली उतरावं लागलं, आणि गेहजीने तेच फुकटचं विकायला काढलं. लांब आहे, पण सत्तावीस वचनांना पुरतं. तुमचं वेगळं निघेल. निघावंच.

६. येशूपर्यंत रस्त्याने जा, उडी मारू नका

जुन्या करारातली गोष्ट असली की शेवटच्या दोन मिनिटांत घाईघाईने वधस्तंभ जोडायची सवय लागते. त्यातून यार्देन म्हणजे बाप्तिस्मा, सात बुड्या म्हणजे सात आत्मिक पायऱ्या, सतराव्या वचनातली दोन खेचरं म्हणजे दोन करार, असले अर्थ लावले जातात. ऐकायला भारी वाटतं, पण तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने खेचरांचा तिसराच अर्थ लावला असता.

नामानाच्या बाबतीत रस्ता तयार आहे. लूक ४:२७ मध्ये येशू स्वतः नासरेथच्या सभास्थानात ही गोष्ट काढतो: अलीशाच्या काळात इस्राएलात पुष्कळ कुष्ठरोगी होते, शुद्ध झाला तो अरामी नामान. त्यावर लोक इतके संतापले की त्याला गावाबाहेर काढून कड्यावरून लोटून द्यायला निघाले. बाहेरच्या माणसावर देवाने दया केली, ही बातमी घरच्यांना झोंबली. ही गोष्ट सांगताना तुमच्या मंडळीत कुणालाच काही टोचलं नाही, तर तुम्ही ती जरा जास्तच गुळगुळीत केली आहे.

प्रत्येक गोष्टीला असा तयार रस्ता नसतो. तेव्हा या गोष्टीत देव कसा वागला आणि येशू तसाच वागताना कुठे दिसतो, एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर सांगा. ओढूनताणून मिळत असेल तर सोडून द्या.

७. मुद्दे नको, मुक्काम ठरवा

कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्यांनी तो घाट ख्रिस्ती कीर्तनात आणला आणि आपल्या जुन्या मंडळ्या त्यावर पोसल्या. पण पूर्वरंग पेलायला गळा लागतो, साथ लागते आणि मुरलेली जीभ लागते. तुम्ही सरळ आख्यानाने सुरुवात करा.

तीन मुद्द्यांऐवजी तीन ठिकाणं ठरवा. नामानाची माझी तीन ठिकाणं: दार, नदी, रथ. दाराशी तो चिडतो, नदीत तो उतरतो, रथातून तो खाली येतो आणि गेहजी हात पसरतो. प्रत्येक ठिकाणी लोकांना घेऊन जा, जरा उभे राहा, समोरच्या बाकांकडे बघा, एखादा प्रश्न विचारा आणि पुढे निघा. मुद्दे विसरले जातात. ठिकाणं विसरणं अवघड असतं, तुम्हालाही आणि त्यांनाही.

सांगताना किती रंगवायचं? मी पाळतो तो नियम: धूळ घाला, संवाद घालू नका. तिथे उभ्या असलेल्या कुणालाही जे दिसलं असतं ते सांगायला हरकत नाही. जसं की:

"दारात रथ लागलेत. गल्लीतली पोरं जमलीत. सेनापती वाट बघतोय. दार उघडतं. सगळ्यांच्या माना वर होतात. बाहेर येतो नोकर."

एवढं पुरे. नामानाची बायको रात्रभर रडली, मुलीने गुपचूप प्रार्थना केली, असली भर घालू नका. शास्त्रात नसलेली वाक्यं शास्त्राच्या आवाजात बोललात की पुढच्या बाकावरची एखादी आजी भक्तीनंतर "हे कुठल्या वचनात आहे बाळा?" असं विचारतेच. विचारलंच पाहिजे.

८. आजच्या माणसांपर्यंत पोहोचताना या खड्ड्यांपासून सांभाळा

*रोगाला पाप म्हणणं.* "कुष्ठरोग म्हणजे पापाचं चित्र" हे वाक्य पुलपिटांवरून सर्रास फेकलं जातं. महाराष्ट्रात मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यांचा मोठा इतिहास आहे. मिरज घ्या, अमरावती जिल्ह्यातलं कोठारा घ्या. त्या दवाखान्यांच्या आधाराने उभी राहिलेली घराणी आजही आपल्या मंडळ्यांत आहेत. कुणाची तरी आजी त्या वॉर्डात राहिलेली असते. नामानाचा आजार त्याच्या पापामुळे होता असं हा अध्याय म्हणत नाही. शिवाय लेवीय १३ आणि १४ मध्ये त्याच नावाखाली कपड्यावरचे आणि घराच्या भिंतीवरचे चट्टेही येतात, तेव्हा आजच्या कुष्ठरोगाशी त्याची सरळ सांगड घालू नका. आज तो औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, हे एका वाक्यात सांगून टाका.

*बरं होण्याची हमी देणं.* नामान बरा झाला म्हणून समोरची प्रत्येक व्यक्ती येत्या आठवड्यात बरी होईल असं कबूल करायचा अधिकार तुम्हाला नाही. गोळ्या बंद करायला तर चुकूनही सुचवू नका.

*मुलीचं दुःख उडवून लावणं.* तिच्यावरून "लहानशी साक्ष, मोठं काम" असा आनंदी मुद्दा काढतात. ती पळवून आणलेली पोर आहे. आधी ते सांगा, मग तिची दया सांगा. वजन आपोआप येतं.

*रिम्मोनवरून शेजाऱ्यांना टोचणं.* अठराव्या वचनात नामान विचारतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची क्षमा होईल ना? अलीशा फक्त म्हणतो, शांतीने जा. घरगुती प्रार्थनासभेत शेजारपाजारची इतर धर्मांची माणसंही बसलेली असतात. कित्येक विश्वासी असे आहेत की घरात ते एकटेच ख्रिस्ती. लग्नकार्यात, सणावारात कुठे उभं राहायचं, कुठे नाही, हा त्यांचा रोजचा प्रश्न. अलीशाने जिथे भाषण ठोकलं नाही, तिथे तुम्हीही ठोकू नका. कुणाच्या देवाला नावं ठेवून सुवार्ता मोठी होत नाही.

*गेहजी सांगताना पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, खजिनदाराकडे बघणं.* सगळी मंडळी तुमच्या नजरेच्या मागे नजर फिरवते. हिशेबाची भांडणं मीटिंगमध्ये काढा.

९. तालीम

संपूर्ण संदेश एकदा लिहून काढा, म्हणजे भाषा बसते. मग तो कागद घरीच ठेवा. सोबत न्यायचा तो एका पानाचा: तीन ठिकाणं, ते एक वाक्य, वचनांचे आकडे, आणि पहिलं व शेवटचं वाक्य अक्षर न् अक्षर लिहिलेलं. ही दोनच वाक्यं पाठ लागतात. मधलं, गोष्ट नीट मुरली असेल, तर येतं.

शुक्रवारी उभं राहून, मोठ्याने, फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना दोनच गोष्टी टिपा: वेळ किती झाली, आणि "तर", "म्हणजे", "प्रियांनो" किती वेळा आलं. घरच्या बोलीत बोला. पुस्तकी 'आम्ही पाहतो की' तोंडात बसतं कारण आपण तेच ऐकत आलोय. ते काढायला वेळ लागतो.

१०. प्रत्यक्ष रविवारी

अर्धा तास आधी पोहोचा आणि माइक तपासा. वाचन दुसरं कुणी करणार असेल तर त्यांना नावांचे उच्चार आधी सांगा. दिमिष्काच्या नद्यांवर, अबाना आणि परपरवर, हमखास अडखळतात. संदेशाआधीची प्रार्थना छोटी ठेवा. "मी लायक नाही, मला फार वेळ मिळाला नाही" ही प्रस्तावना करू नका. लोक ती नम्रता म्हणून ऐकत नाहीत, इशारा म्हणून ऐकतात.

शेवट आला की थांबा. "शेवटी एवढंच सांगतो" हे वाक्य एकदाच वापरता येतं. आमच्याकडे आशीर्वचन दीक्षित पाळकच देतात. इतरांनी २ करिंथ १३:१४ चं वचन 'तुम्हा'ऐवजी 'आपणा सर्वांबरोबर' असं म्हणायचं असतं. तुमच्या मंडळीची पद्धत विचारून घ्या.

दारात सगळे हात मिळवून "छान झालं" म्हणतात, त्यावर जाऊ नका. बुधवारी दोघा-तिघांना विचारा, रविवारची गोष्ट काय होती? त्यांनी गोष्ट सांगितली तर जमलं. त्यांना फक्त तुमचा एखादा विनोद आठवत असेल तर पुढच्या वेळी तो गाळा.

पुढच्या गोष्टी कुठल्या घ्याव्यात

जक्कय (लूक १९:१–१०) छोटी आहे, झाड आणि घर अशी दोनच ठिकाणं. छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती (मार्क २:१–१२) सांगायला मजा येते. रूथचा पहिला अध्याय विधवा-सासुरवाशिणींच्या सभेत हलवून सोडतो, फक्त नामीचा कडवटपणा झाकू नका. योना घेतलात तर चौथ्या अध्यायापर्यंत जा. मासा ही अर्धीच गोष्ट आहे. इसहाकाचं अर्पण (उत्पत्ती २२) आणि इफ्ताहाची मुलगी (शास्ते ११) निदान पहिल्या वर्षी घेऊ नका. उतारा ठरवूनच दिला असेल तर पाळकांकडे जाऊन बसा आणि तुमच्याच मनात उठलेले प्रश्न आधी त्यांच्यापुढे ठेवा. रीतसर शिकायची इच्छा झाली तर पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. प्रवेशाची चौकशीही तुमच्या पाळकांमार्फतच सुरू करा, शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घ्यावं लागेल.